मोटर बदलली तरी टकटक परत येते: जुन्या डिझेल मॉडेल इंजिनाचं दुखणं

तक्रार अशी. एचओ मापाचं, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, मॉडेल रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन. हळू चालवलं की टक... टक... टक. वेग वाढवला की घरघर. वळणावर मध्येच आचका देतं. उघडून साफ केलं, थेंबभर तेल घातलं की पंधरा दिवस शहाण्यासारखं वागतं आणि मग पुन्हा मूळ पदावर.

माझ्याकडे हा खेळ चार वर्षं चालला. या चार वर्षांत मी मोटर साफ केली, गिअर चिकटवला, मोटर बदलली आणि बदललेली मोटर दोनदा उचकटून पुन्हा बसवली. शेवटी बरं कशाने झालं आणि त्याआधी कुठे कुठे माती खाल्ली ते सगळं लिहितो. हीच तक्रार घेऊन आतापर्यंत तिघं जण माझ्या दारात आले आणि तिघांनीही माझ्यासारखीच आधी मोटर मागवून ठेवली होती.

इंजिन आमच्या शेजारच्या तारवट्याने, म्हणजे बोटीवरच्या खलाशाने, १९८९ साली अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून मुलासाठी आणलं. मुलगा फुटबॉलमध्ये रमला आणि खोका फिरत फिरत वास्कोला आमच्या माळ्यावर आला. एसडी४०-२ या सहा आसांच्या इंजिनाचं हे मॉडेल. खरं इंजिन जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने १९७२ पासून बनवलं. आपल्या घाटात दिसणारं डब्ल्यूडीजी-४ त्याच घराण्यातलं, म्हणून भाचा याला ‘कुळ्याचं बँकर’ म्हणतो. (बँकर म्हणजे घाटात गाडीला जोर द्यायला लावतात ते जादा इंजिन.) मॉडेलच्या रुळांची रुंदी १६.५ मिमी, म्हणजे १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजच्या हिशेबातली. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज याच प्रमाणात १९.३ मिमी यायला हवा. त्यावरून जाणकारांनी माझे कान आधीच उपटले आहेत, तो विषय इथे नको.

माझ्या रुळांची मांडणी मात्र घाटाची आहे. गोवा-कर्नाटक सीमेवरचा कुळे ते कॅसलरॉक हा खरा चढ ३७ला १ आहे, मीही तोच ठेवला: दर मीटरला २७ मिमी चढण. सपाटीवर झाकून जाणारी दुखणी अशा चढावर लगेच उघडी पडतात.

आतली रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या काळातल्या बहुतेक चांगल्या डिझेल मॉडेलांत मोटर धातूच्या चासीच्या मधोमध असते. तिच्या दांड्याला दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारं जड चाक. तिथून युनिव्हर्सल जॉइंटचे, म्हणजे कोनातही फिरणाऱ्या सांध्यांचे, छोटे शाफ्ट दोन्ही बोग्यांकडे जातात. (बोगी म्हणजे इथे चाकांची चौकट, डबा नव्हे.) बोगीच्या माथ्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, त्याखाली वर्म गिअर, मग मधले गिअर आणि शेवटी प्रत्येक आसावर एक प्लॅस्टिकचा गिअर. आस अखंड नसतो. डावं चाक अर्ध्या दांड्यावर, उजवं चाक अर्ध्या दांड्यावर, आणि हे दोन दांडे त्या प्लॅस्टिकच्या गिअरमध्ये दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेले. एकच गिअर चाकं फिरवतो, दोन दांडे जोडून धरतो आणि दोन रुळांमधली वीज अलगही ठेवतो. एवढ्याशा तुकड्यावर तीन कामं, आणि रोगाची सुरुवात इथूनच होते.

आधी मोजा

पेचकस हातात घ्यायच्या आधी दोन चाचण्या करा. दोन्ही फुकटच्या आहेत.

पहिली दिव्याची. इंजिन आचके देत असताना त्याच्या पुढच्या दिव्याकडे बघा. आचक्याबरोबर दिवाही फडफडत असेल तर वीज तुटते आहे: चाकं, रूळ, तारा, संपर्कपट्ट्या. दिवा स्थिर आणि इंजिन मात्र अडखळतंय, तर दोष यंत्रात आहे. ही चाचणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर एक अख्खा दसरा-दिवाळी वाचली असती.

दुसरी पट्टीची. सपाट, सरळ रुळाच्या कडेला मास्किंग टेप लावा. इंजिन अगदी सावकाश सोडा आणि प्रत्येक ‘टक’ला टेपवर पेन्सिलीची खूण करा. खऱ्या एसडी४०-२ चं चाक ४० इंची, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ११.७ मिमी व्यासाचं, आणि त्याचा परीघ ३७ मिमीच्या आसपास. खुणा ३७ मिमीच्या अंतराने पडत असतील तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका बसतोय. म्हणजे आसावरचा गिअर तडकलाय, किंवा एखाद्या चाकावर कचऱ्याचा गोळा चिकटलाय. कचरा पुसून बघा. तरी खुणा तशाच पडल्या तर निदान पक्कं. (तुमच्या इंजिनाचं चाक वेगळं असेल तर व्यास मोजून ३.१४ ने गुणा.)

ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर आहे, तर दोष दांड्याच्या वेगाने फिरणाऱ्या भागात शोधा. माझ्या इंजिनात फ्लायव्हील साधारण बारा वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं, हाताने फिरवून मोजलं आहे. म्हणजे दांड्याचा एक फेरा रुळावर जेमतेम तीन मिमीचा. एवढ्या दाट ठोक्यांची कानाला घरघरच वाटते. त्यावेळी मोटर, फ्लायव्हील आणि युनिव्हर्सल या तिघांकडे बघायचं, गिअरकडे नाही.

टकटक वेगळी आणि घरघर वेगळी. दोन्हींना मी ‘आवाज येतो’ एवढंच म्हणत राहिलो आणि एकाचं औषध दुसऱ्याला पाजत राहिलो.

माझ्या चुका, क्रमाने

पहिल्यांदा मोटर काढली. उघड्या चौकटीची जुनी मोटर, कम्युटेटर (ब्रश टेकतात तो फिरता तांब्याचा भाग) काळाकुट्ट. तो खोडरबराने घासला, ब्रश बदलले, मग सगळीकडे सढळ हाताने तेल सोडलं. तेलाने आवाज दबला, म्हणून वाटलं दुरुस्त झालं. दोन आठवड्यांनी तेल उडून गेलं आणि टकटक परत आली. वर त्याच तेलाचा अंश चाकांवर आणि रुळांवर उतरल्यामुळे इंजिन चढावर घसरायला लागलं, ते वेगळंच.

दुसऱ्यांदा पट्टीची चाचणी केली. खुणा बरोब्बर ३७ मिमीवर. बोगी उघडली, मागच्या बोगीतल्या मधल्या आसाचा गिअर तडकलेला दिसला. इथवर सगळं बरोबर होतं. मग मी तो इन्स्टंट गोंदाने चिकटवला. हे गिअर बहुधा ॲसिटल प्लॅस्टिकचे असतात. ते मुळातच निसरडं, म्हणून तर त्याचे गिअर करतात, आणि म्हणूनच त्यावर कुठलाच गोंद धड धरत नाही. चवथीपर्यंत टिकला. आरतीच्या रात्री पाहुण्यांच्या पोरांना गाडी दाखवायला काढली आणि भाचा सगळ्यांदेखत म्हणाला, “मामा, परत टकटक.”

तिसऱ्यांदा मी ठरवलं की जुन्या मोटरच्या हिसक्यांनीच गोंद सुटतो आहे, तेव्हा मोटरच बदलायची. नवी पाच पोलांची बंद डबीतली मोटर आणली आणि त्याच बैठकीत तो एक तडकलेला गिअरही बदलला. टकटक थांबली. साहजिकच वाटलं, मोटरचाच दोष होता बघा. हा माझा सगळ्यात महाग गैरसमज. आवाज नव्या गिअरने गेला आणि श्रेय मी मोटरला दिलं. पुढे पावसाळा सरता सरता टकटक आली ती उरलेल्या पाच गिअरांपैकी एक गेला म्हणून. त्याच्याही आधी, मे महिन्यात, घरघर सुरू झाली होती. ती का, ते खाली सांगतो.

गिअर: सहाही बदला

गिअर तडकतो कशामुळे? गिअरचं भोक दांड्यापेक्षा किंचित लहान असतं, कारण दांडा घट्ट बसायला हवा. म्हणजे गिअरचा मधला भाग जन्मापासून ताणलेला. वर्षांनुवर्षांत प्लॅस्टिक अजून थोडं आक्रसतं, ताण वाढतो, आणि एक दिवस दोन दातांच्या मधल्या खळगीत, जिथे प्लॅस्टिक सगळ्यात पातळ, तिथे उभी चीर जाते. चीर गेली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं. ती जागा समोरच्या गिअरपुढे आली की दात खळगीत बसण्याऐवजी चढतो आणि मग खाली पडतो. तोच आपला ‘टक’. इंजिन वापरा नाहीतर कपाटात ठेवा, चीर जायची ती जातेच. म्हणून ‘फारसं चालवलेलं नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या जुन्या इंजिनावर मी आता भाळत नाही.

एकाच घाण्यातले, एकाच वयाचे सहा गिअर. एक गेला म्हणजे बाकीचे पाच रांगेत उभे आहेत. तिसऱ्या खेपेला मी एकच बदलला ती कंजुषी मला दोन वेळा इंजिन उघडायला लावून गेली.

बोगी उघडताना खाली पांढरं फडकं पसरा, बारीक वायसर उडतात. आधी माथ्यावरची क्लिप काढून वर्म बाहेर घ्या. वर्म गिअरला फिरवतो पण गिअर वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे वर्म जागेवर असेपर्यंत चाकं हाताने ढकलून काही कळणार नाही. वर्म निघाला की बोगी काचेवर ठेवून एका बोटाने पुढे-मागे ढकला. चांगली बोगी लोण्यासारखी जाते. तडकलेली प्रत्येक फेऱ्याला एकदा अडते, आणि ती अडचण कानापेक्षा बोटाला आधी कळते. मग खालची झाकणपट्टी काढून एकेक आस बाहेर घ्या आणि गिअर उजेडात धरून बघा. चीर बारीक असली तर सहज दिसत नाही. दोन्ही चाकं धरून किंचित पीळ द्या, चीर तोंड उघडते.

जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पेट्रोल, थिनर जवळ आणू नका.

नवीन गिअर मागवताना दातांची संख्या, बाहेरचा व्यास आणि भोकाचा व्यास या तीन गोष्टी व्हर्निअरने मोजून घ्या. आता बसवणं. दोन्ही अर्धे दांडे दोन बाजूंनी गिअरमध्ये दाबायचे, हातोडी न वापरता. मी बाकाच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) लाकडाचे दोन तुकडे घालून अर्धा-अर्धा फेरा आवळत दाबतो. दांडा सरळ जातोय ना, हे दर अर्ध्या फेऱ्याला बघायचं. तिरका गेला तर चाक डुलतं आणि डुलणारं चाक रूळ बदलायच्या काट्यावर हमखास घसरतं. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.५ मिमी हवं. एनएमआरए या अमेरिकन संघटनेचं मापपट्टीसारखं गेज मिळतं, ते असेल तर उत्तम. आणि शेवटचं, जे कोणी सांगत नाही: गिअरच्या पोटात दोन दांड्यांची टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत. मध्ये मिलिमीटरभर फट ठेवा. टेकली की डावा-उजवा रूळ थेट जोडला जातो आणि कंट्रोलर बीप करत बसतो. माझ्या सहापैकी एका आसात हे झालं होतं. तीस वर्षं गोदीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसाने, म्हणजे मीच, शॉर्ट शोधायला अर्धा तास घेतला, आणि तोही चुकीच्या बोगीत. आता प्रत्येक आस बसवण्याआधी मल्टिमीटर लावतो.

मोटर बदलावी का?

गिअर नीट झाल्यावर, त्याआधी नाही. आणि दर वेळी गरज असतेच असं नाही. माझ्या जुन्या मोटरला १२ व्होल्टवर मोकळं फिरताना ०.२८ अँपिअर लागायचे आणि चाकं क्षणभर धरून ठेवली तर १.६. (ही चाचणी एखाद सेकंदापेक्षा जास्त नको, मोटर जळते.) नुसत्या डीसी कंट्रोलरवर गाडी चालवायची तर हे चालतं. डिजिटल डिकोडर (रुळातून आलेले हुकूम वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट) घालायचा असेल तर नाही, कारण एचओचे साधे डिकोडर बहुधा १ अँपिअरच्या घरातले असतात. शिवाय त्या मोटरचा एक ब्रश थेट चासीला टेकलेला होता. डिकोडरला मोटरची दोन्ही टोकं रुळांपासून पूर्ण अलग लागतात. बंद डबीच्या मोटरमध्ये दोन्ही टोकं मुळातच अलग असतात, हा तिचा खरा फायदा. नव्या मोटरला मोकळं ०.०६ आणि धरून ०.७ लागतात.

स्वस्तात मोटर मिळवायच्या नादात मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जुने सीडी प्लेअर आणले. त्यातल्या मोटरी आकाराने छान बसतात, पण त्या मुळात कमी व्होल्टेजच्या. १२ व्होल्टवर मिक्सरसारख्या किंचाळतात आणि तापतात. कॅसेट प्लेअरच्या मोटरीत तर वेग स्थिर ठेवणारं सर्किट आतच असतं, त्यामुळे कंट्रोलर फिरवला तरी वेग धड बदलत नाही, आणि बहुतेक उलट्या फिरतच नाहीत. मागे न जाणारं बँकर घेऊन काय करायचं?

तेव्हा १२ व्होल्टची, दोन्ही बाजूंना दांडा असलेली, पाच पोलांची मोटर घ्या. चासीतल्या खाचेची रुंदी आणि दांड्याची चासीपासूनची उंची ही मापं आधी लिहून ठेवा. माझ्या नव्या मोटरचा दांडा २ मिमीचा निघाला, जुन्या फ्लायव्हीलचं भोक जवळजवळ २.४. कागद गुंडाळून, टेप लावून फ्लायव्हील बसवायचा विचारही करू नका, केसभर बाहेरून फिरलं तरी सगळं इंजिन थरथरतं. कुंडईच्या एका लेथवाल्याने पितळी बुश करून दिला. त्याने तो बुश हातात घेऊन विचारलं, “एवढंच? बोट आहे की विमान?” इंजिन आहे म्हटल्यावर पैसे घ्यायला तयार होईना.

घरघर कुठून आली: मोटर बसवण्याची जागा

जुन्या मोटरसाठी चासीत रबराच्या गुंड्यांची भोकं असतात, ती नव्या मोटरला जुळत नाहीत. मी दोन्ही बाजूंना चिकटणारी फोमची टेप वापरली. पाच मिनिटांत काम. जानेवारीत इंजिन इतकं शांत झालं की बायकोने विचारलं, “अहो, आज गाडी बंद का?” मग मे उजाडला. माळ्यावर पत्र्याखाली काय तापतं ते वास्कोकरांना सांगायला नको. फोम मऊ पडला, मोटर एका बाजूला मिलिमीटरभर बसली आणि दांडा तिरका झाला.

तिरक्या दांड्याने काय होतं? एकेरी युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरला की पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट देतात ते यासाठीच, एकाची चूक दुसरा भरून काढतो. पण त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही टोकांचे चिमटे (जॉइंटचे दोन बोटांसारखे भाग) एकाच रेषेत हवेत. मोटर खचली की कोन बिघडतात. मी तर एका शाफ्टचे चिमटेही काटकोनात बसवले होते. दोन्ही चुका मिळून घरघर.

दुसऱ्या प्रयत्नात फोम काढून सिलिकॉन सीलंट लावलं, बाथरूमच्या फटीत भरतात ते. रात्री बायको म्हणाली, “शेजारच्या सोरपोतेलचा वास आपल्या माळ्यावर कसा?” सोरपोतेल म्हणजे व्हिनेगर घातलेलं गोव्याचं डुकराचं मटण. वास व्हिनेगरचा होता आणि तो सीलंटमधूनच येत होता. अशा प्रकारचं सीलंट वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं. बंद कवचात ते कोंडलं आणि महिन्याभरात पितळी फ्लायव्हीलवर आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर धरला. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सीलंट घ्या, त्याला हा वास नसतो आणि ते तांब्या-पितळेला खात नाही.

शेवटी जमलं ते असं. पितळी पत्र्याचा इंग्रजी यू आकाराचा पाळणा करून तो चासीच्या जुन्याच भोकांत स्क्रूने आवळला. मोटर पाळण्यात ठेवून खाली प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या घालत दांड्याची उंची वर्मच्या उंचीला आणली. सरळ रेषा बघायला मी सायकलचा स्पोक वापरतो. साधा स्पोक २ मिमीचा असतो, म्हणजे याच दांड्याचा भाऊ. रेषा जुळल्यावर पाळण्यात न्यूट्रल सीलंटचा पातळ थर दिला आणि शाफ्ट जोडले. आता खरी गंमत: सीलंट ओलं असतानाच मोटरला तीन व्होल्ट दिले आणि ती सावकाश फिरत असताना बोटाने किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, किंचित खाली दाबून बघत राहिलो. एका जागी आवाज एकदम पडतो. रेडिओचं स्टेशन लागावं तसा. ती जागा सापडली की हात काढायचा, वीज बंद करायची आणि चोवीस तास त्या टेबलाकडे फिरकायचं नाही. रात्री साडेदहाला मला ती जागा सापडली आणि त्यानंतर मी पंखाही लावला नाही, वाऱ्याने काही हलेल म्हणून. तो वेडेपणा होता, पण होऊन गेला.

शाफ्ट कापताना लांबीत मिलिमीटरभर ढील ठेवा. वळणावर बोगी फिरते तेव्हा अंतर कमी-जास्त होतं. शाफ्ट नेमका पुरेल एवढा असला तर वळणावर तो वर्मला दाबतो आणि इंजिन अडखळतं. माझा वळणावरचा आचका एवढ्याने गेला. वर्मच्या दोन्ही बाजूंचे वायसर मात्र काढून ठेवलेले परत घालायला विसरू नका. दांडा पुढे-मागे सरकवला तर ०.२ ते ०.३ मिमी हलला पाहिजे, जास्त नाही.

वीज आणि खारी हवा

दिव्याच्या चाचणीत दिवा फडफडला असेल तर हे. जुन्या इंजिनांत वीज बोगीतून चासीत नुसत्या टेकलेल्या धातूच्या पट्ट्यांनी जाते. बंदराच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, त्या टेकण्याच्या जागांवर गंज धरतो. घासून तात्पुरतं जमतं. कायमचं हवं तर प्रत्येक बोगीच्या दोन्ही बाजूंना मऊ, बारीक, बहुतारी वायर डाखून ती थेट मोटरपर्यंत किंवा डिकोडरपर्यंत आणा. वायर बोगी फिरायला पुरेल एवढी सैल ठेवा. डाख देताना प्लॅस्टिक वितळू नये म्हणून पट्टी आधी काढून घ्या.

जुनी चाकं दाबून घडवलेल्या लोखंडी भुकटीची असतात. खरखरीत पृष्ठभाग, कचरा लगेच धरतो आणि गंजही. मी गिअरबरोबरच निकेल सिल्व्हरची चाकं घातली. पॉलिश पेपर रुळावर किंवा चाकावर कधीच घासू नका, बारीक ओरखड्यांत काळं अधिक बसतं.

तेल: बेअरिंगला सुईच्या टोकावर येईल एवढं, प्लॅस्टिकला चालणारं. वर्मला तांदळाच्या दाण्याएवढं हलकं ग्रीस. घराघरांत असतो तो गंज सोडवणारा स्प्रे इथे नको. तो उडून जातो, मागे चिकट थर ठेवतो, आणि कम्युटेटरवर गेला तर पहिल्या दिवसापासून सुरुवात.

जोडल्यावर

कवच घालायच्या आधी अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने, डब्यांशिवाय. उजव्या हाताच्या रुळाला धन दिलं की इंजिन पुढे जायला हवं, हा एचओमधला डीसीचा नियम. उलटं गेलं तर मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा. मग इंजिन रुळावर धरून ठेवा आणि १२ व्होल्ट द्या. चाकं जागच्या जागी घसरली पाहिजेत. चाकं घसरायच्या आधी मोटरच थांबली तर मोटर वजनाच्या मानाने कमी पडते आहे, आणि कधीतरी चढावर जळेल. माझं इंजिन ०.३५ अँपिअरवर घसरतं.

पावसाळ्यात ते आता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतं. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून दहा मिनिटं फिरवतो, नाहीतर ग्रीस एका जागी बसतं.

परवा भाच्याने कुळ्याच्या चढावर टेप लावली आणि सहा डबे जोडून पेन्सिल घेऊन बसला. वरपर्यंत टेप कोरी राहिली. उतरताना मात्र, डबे मागून ढकलत असताना, इंजिन मधूनच हलकं गचकतं. हे पुढच्या बोगीतल्या वर्मच्या ढिलाईचं आहे, तिथे अजून एक वायसर लागेल. वायसर आणलाय. पण इंजिन उघडायला बायकोने चवथीपर्यंत बंदी घातली आहे.